टॅबलेटवर स्क्रीनशॉट: घ्यायचा कसा, कापायचा कसा आणि त्यातले नंबर झाकायचे कसे

रावेरच्या केळीचे जाहीर झालेले बोर्ड भाव, शाळेच्या पोर्टलवरची विद्यार्थ्यांची यादी, पीक विम्याच्या अर्जाची पोच, अर्ज भरता भरता आलेला लाल अक्षरातला संदेश. यातलं काहीही दुसऱ्याला दाखवायचं झालं की बरेच जण खिशातला मोबाइल काढतात आणि टॅबलेटच्या पडद्याचा फोटो घेतात. त्या फोटोत ट्यूबलाइटची चमक येते, काचेवरचे बोटांचे ठसे येतात. पडद्याचे बारीक ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून मजकुरावरून रंगीत लाटाही फिरतात. ग्रुपवर लगेच प्रश्न येतो, "हाई काय शे भो?"

स्क्रीनशॉटमध्ये यातलं काही होत नाही, कारण तो काचेचा फोटोच नसतो. पडद्यावर जे चित्र तयार झालेलं असतं, तेच टॅबलेट आतल्या आत फाइल म्हणून जपतो. म्हणून काच फुटलेली असली तरी स्क्रीनशॉटमध्ये तडे दिसत नाहीत. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात पडदा अंधुक वाटला तरी फाइल नेहमीसारखीच उजळ येते, आणि रात्रीचा पिवळा उजेड चालू असला तरी बहुतेक टॅबलेटवर तो चित्रात उतरत नाही.

बटणं

अँड्रॉइडवर (सॅमसंग, लेनोवो, शाओमी, रिअलमी, वनप्लस, सगळ्यांवर) पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकाच वेळी दाबायचं. पडदा लुकलुकला की सोडायचं. ही सोय अँड्रॉइड ४ पासून, म्हणजे २०११ पासून यंत्रणेतच आहे. त्यामुळे स्क्रीनशॉटसाठी वेगळं ॲप घ्यायची गरज नसते. तसली ॲप जाहिराती दाखवतात आणि पडदा बघायची परवानगीही मागतात, तेव्हा ती न घेतलेलीच बरी. खाली मधोमध खरं दाबायचं होम बटण असलेला जुना सॅमसंग असेल, तर पॉवर आणि होम ही जोडी चालते.

चूक बहुतेक वेळा एकच होते: एक बटण आधी दाबलं जातं. पॉवर आधी दाबलं तर पडदा बंद होतो किंवा बंद करण्याचा मेनू उघडतो. आवाजाचं आधी दाबलं तर आवाजाची पट्टी येते आणि चित्रावर आडवी बसते. दहा इंची टॅबलेट एका हातात धरून दुसऱ्या हाताने दोन्ही बटणं चाचपडत बसलं की हे हमखास होतं. टॅबलेट टेबलावर किंवा मांडीवर ठेवा, बटणांची कड आपल्याकडे येईल असा फिरवा आणि दोन्ही हातांची पहिली बोटं दोन बटणांवर आधी नुसती टेकवा. मग दोन्ही एकदम दाबा. दोन-तीन वेळा केलं की हाताला सवय होते. फक्त टॅबलेट फिरवताना पडदा उभ्याचा आडवा होऊ देऊ नका. फिरणं आधी बंद करून ठेवा.

आयपॅडवर होम बटण असेल तर वरचं बटण आणि होम. होम बटण नसेल तर वरचं बटण आणि आवाजाच्या दोनपैकी कुठलंही एक. इथे दाबून धरायचं नाही, दाबलं की लगेच सोडायचं. जास्त वेळ धरलं तर बंद करण्याची सरकपट्टी येते. ती आली तर 'कॅन्सल' करून पुन्हा दाबा, काही बिघडत नाही.

बटणं न वापरता घेण्याच्या वाटाही आहेत आणि रोज दहा-वीस स्क्रीनशॉट घेणाऱ्याला त्याच बऱ्या पडतात, कारण बटणं झिजतात. शाओमी, रिअलमी, ओप्पो, वनप्लस यांच्यावर तीन बोटं पडद्यावरून एकदम खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. सॅमसंगवर तळहाताची करंगळीकडची कड पडद्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवायची. हे चालू करायला सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' आणि त्यात 'मोशन्स अँड जेश्चर्स' उघडा. हात घामेजलेला असेल तर दोन्ही प्रकार फसतात. काच बोट आणि ओलावा यांत गोंधळते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आधी हात आणि काच पुसा. टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) चालू असेल तर अनेक बोटांच्या खुणांना तिथे दुसरेच अर्थ असतात, तेव्हा बटणांचीच वाट धरा. वरून ओढायच्या पट्टीत 'स्क्रीनशॉट' नावाचा चौकोनही बऱ्याच टॅबलेटवर असतो. दिसत नसेल तर पेन्सिलच्या खुणेवर टिचकी मारून तो वर आणता येतो. आयपॅडवर ॲपल पेन्सिल असेल तर खालच्या डाव्या कोपऱ्यातून आत ओढा. कीबोर्ड जोडलेला असेल तर कमांड, शिफ्ट आणि ३. त्याच जोडीत ३ ऐवजी ४ दाबलं तर स्क्रीनशॉट थेट खुणा करायच्या पडद्यात उघडतो.

आवाजाचं बटण अडकतं, विशेषतः जिनिंगच्या किंवा धुळीच्या भागात वापरलेल्या टॅबलेटचं, कारण कापसाचे तंतू बटणाच्या फटीत जाऊन बसतात. सुई घालू नका, आतली रबरी पट्टी फाटते. कोरड्या मऊ ब्रशने कडेने झाडा. तेवढ्याने सुटलं नाही तर दुरुस्तीला देईपर्यंत काम थांबवायची गरज नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडून 'ॲक्सेसिबिलिटी मेनू' चालू करा (सॅमसंगवर याला 'असिस्टंट मेनू' म्हणतात). पडद्यावर एक लहान बटण तरंगू लागतं आणि त्यात स्क्रीनशॉटची खूण असते. आयपॅडवर हेच काम 'असिस्टिव्हटच' करतं. कधी दोष बटणाचा नसतोच. जाड फ्लिप कव्हर बटणावर दाबून बसलेलं असतं, म्हणून आधी कव्हर काढून बघा.

दाबण्याआधीचं अर्धं मिनिट

नंतर कापण्यात आणि पुसण्यात जाणारा वेळ इथे वाचतो.

टॅबलेट कसा धरायचा ते आधी ठरवा. भावाचा तक्ता, गुणपत्रक, हजेरी असं रुंद काही असेल तर आडवा धरा. सूचना, पत्र, पोच असेल तर उभा. छापायचं असेल तर हिशोब असा: १९२० गुणिले १२०० ठिपक्यांचा टॅबलेट उभा धरून घेतलेला स्क्रीनशॉट ए-फोर कागदाच्या साधारण ८ इंच रुंदीवर छापला तर इंचाला १५० ठिपके पडतात. मजकूर वाचायला तेवढे पुरतात. पण त्या पडद्याच्या चौथ्या हिश्शात आलेलं बारीक कोष्टक कापून तेवढ्याच कागदावर ताणलं तर अक्षरं फुटतात. म्हणून नंतर मोठं करण्यापेक्षा आधीच दोन बोटांनी पान मोठं करा, हवा तेवढाच भाग पडद्यावर आणा आणि मग घ्या. मोठं केल्यावर उजवीकडचा रकाना तर कापला जात नाही ना, तेही बघा. भावाच्या तक्त्यात नवती आणि पिलबाग (केळीच्या बागेचे प्रकार) दिसलं पण भावाचा आकडाच बाहेर राहिला, तर उपयोग नाही.

डार्क मोड बंद करा. काळ्या पार्श्वभूमीवरचा स्क्रीनशॉट झेरॉक्सवाल्याकडे छापायला दिला की अर्धा टोनर त्यातच जातो आणि पांढरी बारीक अक्षरं शाईत बुडतात. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा, नाहीतर नेमक्या त्याच क्षणी वर कोणाचा तरी निरोप डोकावतो. कीबोर्ड खाली घ्या. तो अर्धा पडदा व्यापतो आणि त्याच्या वरच्या पट्टीत तुम्ही नेहमी टाइप करता ते शब्द दिसतात, त्यात कधी नाव तर कधी ईमेलही असतो. पडदा दोन ॲपमध्ये वाटलेला असेल तर स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही येतात. दोन याद्या ताडून बघायला ते सोयीचं असतं. इतर वेळी शेजारच्या खिडकीतल्या गप्पा चारचौघांत जातात.

पडद्यात न मावणारं पान

सातबारा, लांब यादी, अर्जाचं पूर्ण पान असलं की सात तुकडे घेऊन पाठवायची पद्धत पडली आहे. वाचणाऱ्याला क्रम लागत नाही आणि दोन तुकड्यांच्या मधली एक ओळ हमखास राहून जाते.

अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ नंतरच्या टॅबलेटवर, स्क्रीनशॉट घेतला की खाली छोटं चित्र येतं आणि पान लांब असेल तर शेजारी 'कॅप्चर मोअर' दिसतं. त्यावर टिचकी मारली की वर-खाली कड ओढून हवा तेवढा भाग घेता येतो. सॅमसंगवर खालच्या पट्टीत खाली जाणाऱ्या दोन बाणांची खूण असते. प्रत्येक टिचकीला पान पुढे सरकतं आणि जोडलं जातं, दाबून धरलं तर सरकतच राहतं. शाओमीवर छोट्या चित्राखाली 'स्क्रोल' येतं. पट्टी काही सेकंदच टिकते, तेवढ्यात टिचकी मारायची.

लांब स्क्रीनशॉट बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत. पान पूर्ण उतरलेलं नसतं. अक्कलकुवा-धडगावकडे नेटवर्क अडखळतं, तिथे खालची चित्रं आणि ओळी बोटाने खाली सरकल्यावरच येतात, आणि जोडणी त्यांची वाट बघत नाही. म्हणून आधी पान एकदा तळापर्यंत सरकवून पुन्हा वर आणा, मग घ्या. काही संकेतस्थळांवर वरची निळी पट्टी पान सरकलं तरी जागेवरच राहते. ती जोडलेल्या चित्रात दर पडद्याला पुन्हा पुन्हा येते आणि खालची एखादी ओळ झाकते. शासकीय पोर्टलवर बऱ्याचदा पानाच्या आत वेगळी सरकणारी चौकट असते. तेव्हा टॅबलेट बाहेरचं पान सरकवायला जातो, ते सरकत नाही, आणि 'कॅप्चर मोअर' दिसतच नाही. आणि पान जोडलं जात असताना पडद्याला बोट लागलं तर जोडणी तिथेच तुटते.

या सगळ्यांवर एकच चांगला इलाज आहे: क्रोममध्ये तीन ठिपके, 'शेअर', 'प्रिंट', आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ'. कोष्टक रुंद असेल तर तिथेच कागद आडवा करा. आयपॅडवर सफारीत स्क्रीनशॉट घ्या, छोट्या चित्रावर टिचकी मारा आणि वर 'फुल पेज' निवडा. पूर्ण पान पीडीएफ म्हणून 'फाइल्स'मध्ये ठेवता येतं.

संकेतस्थळ स्वतःच पीडीएफ देत असेल तर मात्र स्क्रीनशॉटच्या वाटेला जाऊच नका. सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. शासनाच्या भूलेख संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. त्याचा स्क्रीनशॉट बँकेत किंवा सोसायटीत नेऊन काम होत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत पीडीएफ म्हणून मिळतो, आणि ती फाइलच पुढे द्यायची. तिचा स्क्रीनशॉट काढून दिला तर स्वाक्षरीची तपासणी होऊ शकत नाही, मग उरतं नुसतं चित्र.

कापणं आणि खुणा

स्क्रीनशॉट घेतल्यावर कोपऱ्यात येणाऱ्या छोट्या चित्रावर टिचकी मारली की संपादन उघडतं. ते निघून गेलं असेल तर गॅलरीत किंवा गूगल फोटोजमध्ये चित्र उघडून 'एडिट'.

आधी कापा, खुणा नंतर. उलट केलं तर बाणाचं टोकच कापलं जातं. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी, खालची बटणांची पट्टी, ब्राउझरचे टॅब, कोपऱ्यातला तुमचा प्रोफाइल फोटो, हे सगळं काढा. पण कडेला थोडी जागा ठेवा. अक्षराला चिकटून कापलेलं चित्र व्हॉट्सॲपच्या चौकटीत आणखी कापून दिसतं. सॅमसंगवर या पट्ट्या आधीच वगळायची सोय आहे: 'ॲडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये 'स्क्रीनशॉट्स अँड स्क्रीन रेकॉर्डर' उघडा आणि वरची-खालची पट्टी लपवायचा पर्याय चालू करा. रोज पाढे, नकाशे, प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांनी तो चालूच ठेवावा.

खुणांसाठी दोन रंग पुरेत. पांढऱ्या पानावर लाल, आणि छापून देणार असाल तर काळा. लाल रंग काळ्या-पांढऱ्या छपाईत राखाडी होतो आणि मजकुरात मिसळून जातो. 'कुठे दाबायचं' हे समजवताना बाणापेक्षा आकडे जास्त उपयोगी पडतात: १, २, ३ असे गोल काढायचे आणि खाली निरोपात त्याच आकड्यांनी लिहायचं. 'तो निळा चौकोन' म्हटलं की प्रत्येकाचा चौकोन वेगळा निघतो. बोटाने गोल वाकडा येतो. सॅमसंगच्या एस पेनने तो बराच सरळ येतो. आयपॅडच्या मार्कअपमध्ये (खुणा करायच्या पडद्यात) गोल काढून बोट क्षणभर तसंच दाबून धरलं की गोल आपोआप सुबक होतो. तिथेच अधिकच्या खुणेखाली चौकोन, बाण, मजकूर आणि भिंगही मिळतं. आजी-आजोबांना बारीक अक्षर दाखवायला ते भिंग फार कामाचं आहे.

पेन बोटाच्या जाडीचं करू नका. आणि एका चित्रात पाचपेक्षा जास्त खुणा होत असतील तर दोन चित्रं करा.

झाकणं: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

झाकायला लोक बोटाला येईल ते अवजार वापरतात, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

हायलायटरने नंबर झाकला जात नाही. काळा रंग घेऊन तीन-चार वेळा फिरवला की डोळ्याला काळं दिसतं खरं, पण हायलायटरची शाई अर्धपारदर्शक असते. समोरच्याने चित्राचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवला की खालचे आकडे वर येतात. ब्लर किंवा चौकटीचौकटींचं मोझॅक चेहऱ्यासाठी ठीक आहे, आकड्यांसाठी नाही. प्रत्येक जागी दहाच आकडे शक्य असतात, अक्षराचा छाप ठरलेला असतो, त्यामुळे कुठल्या आकड्याचा धुरळा कसा दिसतो हे ताडून मूळ नंबर काढता येतो.

योग्य अवजार एकच: पूर्ण भरलेला, पूर्ण अपारदर्शक काळा चौकोन. आयपॅडवर चौकोन घेऊन त्याला भरीव रंग द्या आणि अपारदर्शकता १०० टक्के आहे ना ते बघा. गूगल फोटोजमध्ये भरीव चौकोन नसेल तर साधं पेन घ्या, हायलायटर नव्हे. सगळ्यात जाड टोक निवडा आणि आकड्यांच्या वर-खाली थोडं बाहेर जाईल असं गिरवा. नंबराची लांबीसुद्धा कळू द्यायची नसेल तर पूर्ण ओळभर चौकोन ठेवा.

काय काय झाकायचं? आधारचे १२ अंक (दाखवायचेच असतील तर शेवटचे ४ ठेवा), बँक खात्याचा नंबर, मोबाइलचे १० अंक, जन्मतारीख. आता सुटून जातात ती ठिकाणं. क्यूआर कोड: आधारवरचा अंक झाकून बाजूचा कोड उघडा ठेवला तर नाव, जन्मतारीख, पत्ता कोणीही वाचू शकतो. यूपीआय आयडी: बऱ्याच जणांचा आयडी म्हणजे मोबाइल नंबरच असतो, म्हणून नंबर झाकून आयडी ठेवला तर काही झाकलंच नाही. ब्राउझरमधली पत्त्याची पट्टी: काही पोर्टलवर अर्ज क्रमांक त्या पट्टीतच लिहिलेला असतो. आणि विद्यार्थ्यांच्या यादीत पालकांचे मोबाइल नंबर. शाळेच्या ग्रुपवर यादी टाकताना तो पूर्ण रकानाच कापून टाका, झाकत बसू नका.

झाकल्यावरही काम संपत नाही. आयपॅडवर फोटो कापला किंवा त्यावर चौकोन टाकला तरी मूळ चित्र आत तसंच राहतं, 'रिव्हर्ट' दाबलं की परत येतं. एअरड्रॉपने (एका ॲपल यंत्रावरून दुसऱ्यावर थेट) पाठवताना सगळी माहिती सोबत जाण्याचा पर्याय चालू असेल तर ते मूळही जाऊ शकतं. गूगल फोटोजमध्ये 'सेव्ह' आणि 'सेव्ह ॲज कॉपी' वेगळे आहेत. कॉपी केली की मूळ चित्र शेजारी उघडंच बसलेलं असतं, आणि घाईत बोट नेमकं त्याच्यावर पडतं. आणि २०२३ च्या मार्चमध्ये एक मोठा दोष उघड झाला. गूगलच्या पिक्सेल फोनवर मार्कअपमध्ये कापलेली लहान फाइल जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिली जात होती, पण मागची शेपटी छाटली जात नव्हती, त्यामुळे कापून टाकलेला भाग पुष्कळदा परत काढता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी बाहेर गेलेल्या फाइली तशाच राहिल्या.

म्हणून एक साधी, खात्रीची पद्धत: कापून-झाकून झालेलं चित्र पडद्यावर पूर्ण उघडा आणि त्याचाच पुन्हा एक स्क्रीनशॉट घ्या. पाठवायचा तो हा दुसरा. त्याच्यामागे काहीच लपलेलं नसतं, कारण त्याने पडद्यावर दिसलं तेवढंच उचललेलं असतं. चित्र थोडं लहान होतं, एवढाच तोटा. पाठवण्याआधी दोन बोटांनी मोठं करून चौकोनाच्या कडा बघा, एखाद्या आकड्याची शेपटी बाहेर डोकावत असते.

पीडीएफवर काळा चौकोन टाकून समाधान मानू नका. साध्या ॲपमध्ये तो चौकोन मजकुराच्या वर ठेवलेल्या कागदासारखा असतो. खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. पीडीएफचं पान उघडून स्क्रीनशॉट घ्या आणि झाकायचं ते चित्रावर झाका.

पुरावा असेल तर हात लावू नका

फसवणूक, धमकीचे निरोप, पैसे कापले गेले पण पोहोचले नाहीत, अर्जाच्या शेवटच्या दिवशी पोर्टल बंद. इथे वरचे नियम उलटे होतात. काहीही कापू नका, झाकू नका, खुणा करू नका. वरची वेळेची पट्टी आणि पत्त्याची पट्टी दोन्ही दिसू द्या. तारीख हवी असेल तर सूचनांची पट्टी अर्धी खाली ओढून एक वेगळा स्क्रीनशॉट घ्या, तिथे बहुतेक टॅबलेटवर वार आणि तारीख असते. निरोपांच्या बाबतीत समोरच्याचा नंबर दिसेल असं त्याच्या प्रोफाइलचं पानही घ्या, कारण नाव तुम्ही सेव्ह केलेलं असतं आणि ते काहीही असू शकतं.

फाइलच्या नावातही वेळ असते. सॅमसंगवर नाव असं येतं: आधी स्क्रीनशॉट, मग वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद, आणि शेवटी ॲपचं नाव. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की हे नाव बदलतं आणि चित्र दाबलं जातं. म्हणून मूळ फाइल टॅबलेटमध्येच ठेवा आणि प्रत द्यायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पैशांची फसवणूक असेल तर स्क्रीनशॉट जमवत बसण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तिथे वेळ सगळ्यात महत्त्वाचा असतो, चित्रं नंतरही देता येतात. प्रकरण न्यायालयात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी मूळ फाइल आणि ती ज्यावर घेतली तो टॅबलेट, दोन्ही सांभाळा.

दुकानदारांनी दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. गिऱ्हाइकाने दाखवलेला 'पैसे गेले'चा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. वर सांगितलेल्या अवजारांनीच आकडा आणि तारीख पाच मिनिटांत बदलता येते. आपल्या खात्यात जमा दिसली तरच माल द्या.

पाठवताना

मजकुराच्या चित्राला पीएनजी चांगलं, त्यात अक्षरांच्या कडा धारदार राहतात. जेपीजी लहान असतं, पण पुन्हा पुन्हा साठवलं की अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात. आयपॅड आणि काही अँड्रॉइड टॅबलेट पीएनजी देतात, काही जेपीजी. सॅमसंगवर स्क्रीनशॉटच्या सेटिंग्जमध्ये दोन्हींतलं निवडता येतं. मोलगीसारख्या ठिकाणी एक काडी नेटवर्कवर पाठवायचं असेल तर जेपीजी घ्या. छापायचं असेल, बारीक आकडे असतील तर पीएनजी, आणि तेही डॉक्युमेंट म्हणून. व्हॉट्सॲपमध्ये फोटो म्हणूनच पाठवायचा असेल तर वरचं 'एचडी' दाबा. लांब जोडलेला स्क्रीनशॉट तर फोटो म्हणून कधीच पाठवू नका. दाबताना त्याची रुंदी इतकी कमी होते की एक अक्षर वाचता येत नाही.

घेताच येत नाही तेव्हा

'सुरक्षा धोरणामुळे स्क्रीनशॉट घेता येत नाही' असा संदेश आला किंवा चित्र पूर्ण काळं आलं, तर टॅबलेट बिघडलेला नाही. ॲपने स्वतः मनाई केलेली असते. बँकेची बरीच ॲप, अँड्रॉइडवरच्या क्रोमचा इनकॉग्निटो टॅब, व्हॉट्सॲपवरचे एकदाच बघायचे फोटो, चित्रपटांची ॲप, सगळी यात येतात. बँकेच्या ॲपमध्ये व्यवहाराच्या पानावर 'शेअर' किंवा 'डाउनलोड' असतं, त्यातून रीतसर पावती मिळते. मनाई मोडून देतो म्हणणारी ॲप बसवू नका. जे ॲप बँकेचा पडदा बघू शकतं, ते तुमचा पिनही बघू शकतं. शाळेकडून किंवा कार्यालयाकडून मिळालेल्या टॅबलेटवर ही सोय वरूनच बंद केलेली असू शकते. तिथे सेटिंग्ज उलटसुलट करण्यापेक्षा ज्याच्याकडे त्या टॅबलेटचा ताबा आहे त्यालाच विचारा.

'जागा शिल्लक नाही' असं आलं तर कारण साधं आहे. ३२ जीबीच्या टॅबलेटवर शाळेचे व्हिडिओ आणि ग्रुपवरची सकाळची फुलं मिळूनच जागा संपते.

सापडणं आणि पुसणं

सॅमसंग आणि शाओमीवर स्क्रीनशॉट 'डीसीआयएम'च्या आत 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये जातात, पिक्सेलसारख्या काहींवर 'पिक्चर्स'च्या आत. आयपॅडवर फोटोजमध्ये 'स्क्रीनशॉट्स' अशी वेगळी यादी असते. जपून ठेवायच्या चित्राला त्याच दिवशी नाव द्या: 'केळी विमा पोच खरीप', 'सातवी गुण प्रथम सत्र'. सहा महिन्यांनी तारखेवरून शोधणं अवघड जातं. अर्ज क्रमांक हवा असेल तर चित्र गूगल लेन्सने उघडा, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर कॉपी होतो. फक्त इंग्रजी ओ आणि शून्य, तसंच ३ आणि ८ यांत ते चुकू शकतं, तेव्हा आकडे एकदा डोळ्याने ताडून घ्या.

घरात एकच टॅबलेट आणि तो मुलं, आई-बाबा सगळेच वापरत असतील तर गूगल फोटोजच्या बॅकअप सेटिंग्जमध्ये 'स्क्रीनशॉट्स' फोल्डर बंद ठेवा. नाहीतर तुमच्या बँकेची पोच त्या खात्यातून दुसऱ्या मोबाइलवरही दिसते. आणि काम झालेले स्क्रीनशॉट पुसताना रद्दीची टोपलीही रिकामी करा. सॅमसंग गॅलरीत आणि आयपॅडवर पुसलेलं चित्र ३० दिवस तिथेच राहतं. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेलं असेल तर ६० दिवस, नसेल तर ३०. टॅबलेट विकायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा असेल तर आधी ही टोपली, मग व्हॉट्सॲपचं 'सेंट' फोल्डर, आणि मग 'फाइल्स'मधलं 'डाउनलोड्स', याच क्रमाने बघा. झाकण्याआधीचं मूळ चित्र बहुतेक वेळा या तिघांपैकी एकात सापडतं.